१,७६,६३,१९,०४९ : उत्तर बरोबर, पण 'सिद्ध' कशाला म्हणायचं?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे भास्कराचार्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फर्माच्या पाचशे वर्षं आधी त्यांनी हे सिद्ध केलं." पेटची तयारी करत असाल, तर यातला 'सिद्ध' हा शब्द आधी तपासा.

प्रश्न असा: ६१क्ष² + १ हा पूर्ण वर्ग यायला हवा आणि क्ष धन पूर्णांक हवा. ६१ ऐवजी ६० घेतलं तर क्ष = ४ ला काम होतं (३१²), ६२ घेतलं तर क्ष = ८ ला (६३²). मधल्या ६१ ला मात्र सर्वात लहान क्ष आहे २२,६१,५३,९८०, आणि वर्गमूळ य = १,७६,६३,१९,०४९. सेकंदाला एक क्ष तपासला तरी सात वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे चाचपडून हे उत्तर हाती लागणारं नाही, पद्धतच हवी.

पडताळा एक्सेलमध्ये करू नका. तिथे १५ अंकच अचूक राहतात आणि य² आहे १९ अंकी. कागद घ्या:

य − १ = २ × २९७१८²
य + १ = २ × ६१ × ३८०५²

दोन्हींचा गुणाकार: य² − १ = ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)². कंसातली संख्या म्हणजेच क्ष. झालं!

आता ग्रंथाकडे. 'बीजगणित' ११५० चं. त्यातली चक्रवाल पद्धत ६१ × १² + ३ = ८² पासून निघते आणि एकाच फेरीत ६१ × ५² − ४ = ३९² वर येते. पुढे ब्रह्मगुप्ताची 'भावना' वापरून थेट उत्तर. इतक्या मोठ्या संख्येपर्यंत इतक्या कमी पायऱ्यांत जाणं, ही खरी कमाल.

पण हे चक्र प्रत्येक वेळी संपतंच, असं का? ग्रंथ रीत देतो, उदाहरणं देतो, हे कारण देत नाही. उत्तर नेहमी असतं याची सिद्धता १८व्या शतकात लाग्रांजनं दिली. चक्रवाल कधी अडत नाही, हे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९३०च्या आसपास दाखवलं. आणि फर्मानं तरी १६५७ मध्ये ६१ चं आव्हानच दिलं होतं, सिद्धता नव्हे. शिवाय चक्रवाल भास्कराचार्यांच्याही आधीची: १०७३ च्या एका टीकेत ती जयदेवाच्या नावावर आहे.

पाटणचंही तसंच. चाळीसगावजवळच्या शिलालेखातून नातू चांगदेवानं भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, एवढं कळतं. ६१ चं गणित तिथेच बसून सुटलं, असं त्यात कुठेही नाही.

यानं भास्कराचार्य लहान होत नाहीत. उलट त्यांचं नेमकं काम दिसतं: पद्धत नीट मांडली आणि अतिशय अडचणीचं उदाहरण निवडलं. तुम्हीही कुठलाही पेपर वाचताना तीन खाने आखा: उत्तर, रीत, सिद्धता. श्रेय ज्या खान्यातलं आहे त्याच खान्यात लिहा. गाईडनं "हे कुठे सिद्ध केलंय?" विचारलं, तर अभिमानाचं वाक्य कामाला येत नाही, पान दाखवावं लागतं.