चिकूचं झाड हेक्टरात कसं मोजायचं?

पीएच.डी.च्या प्रस्तावात 'चक्रीवादळ आणि शेतकऱ्यांना शासकीय मदत' असा विषय बरेच जण घेतात. विषय चांगलाच आहे. पण मुलाखतीत विचारलं, 'नुकसान मोजणार कसं?', की उत्तर ठरलेलं असतं: पंचनाम्याची आकडेवारी घेऊ. आजची पोस्ट या उत्तरावर आहे. उदाहरण पालघरचं घेऊ.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईसमोरून समुद्रातूनच उत्तरेकडे सरकलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्याला धडकलं. पालघरच्या ते फक्त बाजूने गेलं, तरी किनारपट्टीवर केळी मोडल्या, आंबा गळाला, चिकू-नारळाची झाडं आडवी झाली. मेअखेर राज्य मंत्रिमंडळाने मदत जाहीर केली. दर निसर्ग वादळानंतर (जून २०२०) दिले तसे वाढीव ठेवले: बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ५०,००० रुपये, कमाल २ हेक्टर, नारळाला झाडामागे २५०, सुपारीला ५०. केंद्राच्या निकषात तेव्हा बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० होते. म्हणजे राज्याने जवळपास तिप्पट दिले. टीका लिहायची तर आधी हे नीट नोंदवायचं.

आता साधा भागाकार करा. चिकूची शिफारस केलेली लागवड १० बाय १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. झाडामागे आले ५०० रुपये. केंद्राच्या दराने १८०. आडवं झालेलं जुनं झाड कापून हलवायलाच मजूर लागतात. नवा खड्डा, कलम, पाणी हे सगळं त्यानंतर.

रक्कम इतकी कमी का? कारण नियमाच्या भाषेत ही भरपाई नाहीच. ते 'निविष्ठा अनुदान' आहे: पुन्हा बी-खत घेऊन शेत उभं करायला हातभार. भातासाठी हे तर्काला धरून आहे, एक हंगाम गेला तर पुढच्या पावसाळ्यात परत लावणी होते. चिकूच्या कलमाला फळ धरायलाच तीन-चार वर्षं लागतात, भरघोस उत्पन्न त्याच्याही पुढे. वर्षभराच्या पिकासाठी केलेलं माप आपण पन्नास वर्षांच्या झाडाला लावतोय.

दुसरी अडचण वाडीची. बोईसरच्या कारखान्यांकडून चिंचणी-तारापूरकडे गेलात की एकाच वाडीत कडेला नारळ, मध्ये चिकू, मोकळ्या जागेत केळी किंवा भाजी, असं मिश्र पीक दिसतं. नारळ-सुपारीला झाडागणिक दर देऊन शासनाने ही गोष्ट अर्धी मान्य केली. चिकू मात्र हेक्टरातच राहिला. शिवाय मदतीला पात्र व्हायचं तर नुकसान किमान ३३ टक्के हवं. म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक वाडीत उभे राहून पडलेल्या झाडांचं गुंठ्यांत रूपांतर करतात. किती झाडांचा एक गुंठा धरायचा? झाड मुळासकट गेलं आणि नुसत्या फांद्या मोडल्या, यात फरक कसा करायचा? तुमचा 'डेटा' तयार होतो तो नेमका इथे.

तिसरी गोष्ट नावाची. मदत सातबारावरच्या खातेदाराला जाते. खातं सामायिक असेल तर भाऊबंदांची संमती आली. वाडी ठेक्याने घेतली असेल तर त्या मोसमाचं फळ ठेकेदाराचं, सातबारा मालकाचा. आणि चिकू तोडणारे, वेचणारे, प्रतवारी करणारे मजूर, त्यात आदिवासी बायका-पुरुष मोठ्या संख्येने? झाड पडलं की त्यांची पुढच्या कित्येक वर्षांची रोजी गेली. पीक-पंचनाम्यात तिला रकानाच नाही.

आता संशोधनाकडे या. समजा तुम्ही पंचनाम्यातलं बाधित क्षेत्र घेतलं, त्याच्यासमोर वाटलेली रक्कम ठेवली आणि निष्कर्ष काढला, 'मदत नुकसानीच्या प्रमाणात पोहोचली.' आकडे सुंदर जुळतील. जुळणारच, कारण रक्कम त्याच क्षेत्राला दराने गुणून काढलेली आहे! तुम्ही मदत तपासलीच नाही, फक्त गुणाकार तपासला. ज्याचं नुकसान २५ टक्के ठरलं तो, ठेकेदार, मजूर हे सगळे तुमच्या नमुन्यात शिरण्याआधीच बाहेर गेले.

मग पंचनामा फेकून द्यायचा का? अजिबात नाही. तो वापरा, पण प्रशासनाने काय पाहिलं याचा पुरावा म्हणून. नुकसान वेगळं मोजा: झाडांची संख्या, वय, मुळासकट पडली की मोडली, त्या वाडीत वर्षाला किती जणांना किती दिवस काम मिळत होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की त्यांच्यात जी फट दिसेल, तो तुमचा प्रबंध.

सरावासाठी आपल्या जिल्ह्यातला कुठलाही मदतीचा शासन निर्णय काढा. दर कुठल्या एककात दिलाय ते पाहा. मग गावात जाऊन विचारा, त्या एककात कोण मावत नाही?