वाचणारा डोळा, ऐकणारा वाचक

समीक्षेच्या परिभाषेत ‘दृष्टी’ हा शब्द इतका मुरला आहे की ते रूपक असल्याचे भानही आपणास उरत नाही. लेखकाची जीवनदृष्टी, समीक्षकाची मर्मदृष्टी. आणि ज्याला यांपैकी काही गवसले नाही, तो आंधळा. पॉल डी मान यांनी ‘ब्लाइंडनेस अँड इनसाइट’ (१९७१) या ग्रंथात समीक्षकाचे अंधत्वच त्याच्या मर्मदृष्टीला कारण ठरते असे प्रतिपादिले. या जोडीतील उच्चनीचता त्यामुळे डळमळीत झाली खरी, पण अंधत्व रूपकच राहिले. न दिसणारा माणूस पुस्तक कसे वाचतो, हा प्रश्न तेथेही अप्रस्तुतच ठरला. वाचककेंद्री समीक्षेने कल्पिलेला ‘अनुस्यूत वाचक’देखील, न सांगता, डोळसच असतो.

मराठीत या प्रश्नाला टाळता येऊ नये असे उदाहरण गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) आहे. नवव्या महिन्यात दृष्टी गमावलेल्या या वऱ्हाडी तत्त्वचिंतकाने चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. त्यांना ‘प्रज्ञाचक्षु’ म्हटले गेले. गौरव यथार्थच, परंतु अंतश्चक्षूंना सारे दिसत होते असे एकदा म्हटले, की ग्रंथ वाचून दाखवणारे आणि सांगितलेले उतरून घेणारे चर्चेतून बाद होतात. उच्चारलेले वाक्य कागदावर येईतो किती बदलले? लेखनिक थकला की विचार कोठे थांबे? हे भक्तीचे नव्हेत, संहिताचिकित्सेचे प्रश्न आहेत. महाभारताच्या लेखनिकाला आपण देव मानले, त्याच्या अटीही लक्षात ठेवल्या. येथे मात्र चमत्काराने लेखनिकाची जागा घेतली.

वस्तुतः डोळ्यांचे हे वर्चस्व मराठीत फार जुने नाही. ‘वाचणे’ हे क्रियापदच ‘वच्’ या बोलण्याच्या धातूपासून आलेले आहे. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावी श्रावणात पोथी लावली जाते तेव्हा एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आणि ऐकणाऱ्यांनीही पोथी ‘पुरी केली’ असेच म्हटले जाते. त्यांना कोणी दुय्यम वाचक ठरवीत नाही. मुद्रणाने रुळलेले मौनवाचन हेच वाचनाचे मूळ रूप मानल्यावर ऐकून वाचणारा परावलंबी ठरला.

ब्रेलही पुष्कळदा नागरीची उसनी प्रतिकृती समजली जाते. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क येतो, मग इ. नागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसते आणि उच्चार मात्र पलीकडे होतो. बोटांनी वाचणाऱ्याला हा वळसा घ्यावा लागत नाही. सहा टिंबांची ही लिपी उच्चारक्रमाच्या अधिक जवळ आहे. (अक्षरांच्या मांडणीतून अर्थ साधणारी कविता तीत कशी उतरवावी, हा मात्र अवघड प्रश्न आहे, तो अनुवादमीमांसेने हाती घ्यावा.) स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याला जागा मिळायला हवी. समाजसेवेच्या सदरात त्याची बोळवण होऊ नये.

कायद्याची अडचण आता फारशी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अंध वाचकासाठी पुस्तकाचे सुगम रूप करण्यास लेखक-प्रकाशकाची अनुमती लागत नाही, आणि २०१३ चा मराकेश करार अनुसमर्थित करणारा पहिला देश भारतच होता. अडते ते संहितेपाशी. कोडोलीहून कोल्हापूरला मराठी एम. ए.साठी जाणारी एखादी अंध विद्यार्थिनी कल्पावी. नेमलेला समीक्षाग्रंथ तिला मिळतो तो पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. स्क्रीन रीडरच्या लेखी त्या पानावर अक्षरच नसते. युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल हाती आली, तर ‘ज्ञानेश्वर’ या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा खच ऐकू येतो. वाचकाच्या सहभागावर आपण हिरिरीने वाद घातले त्या अंकांची स्थितीही बहुधा वेगळी नसेल. मग ती वाचून दाखवणारी मैत्रीण शोधते. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती मैत्रीण स्वतःच्याच अभ्यासात असते.