८४ टक्के, पण कितींपैकी?

मनगटी घड्याळ हृदयाचे अनियमित ठोके ओळखतं का, हे तपासणारा 'ॲपल हार्ट स्टडी' २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. सहभागी ४,१९,२९७! आकडा बघूनच आपण भारावतो. पण जरा थांबा, पुढचं वाचा.

घड्याळाने सूचना दिली २,१६१ जणांना. ईसीजी पॅच लावून कामाची नोंद मिळाली ४५० जणांची. त्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हा विकार येतो-जातो आणि पॅच नंतर लावला होता, म्हणून बाकीच्या सूचना खोट्याच होत्या असं नाही. अंगावर पॅच असतानाच पुन्हा सूचना आली ८६ जणांना. त्यातल्या ७२ जणांच्या ईसीजीत त्याच वेळी तो विकार दिसला. उठून दिसणारे ८४ टक्के ते हेच!

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्यांना सूचना आली नाही, त्यांना पॅच लावलाच नाही. मग घड्याळाकडून किती रुग्ण निसटले, हे या अभ्यासातून कळणारच नाही. शिवाय निम्म्याहून जास्त सहभागी चाळिशीच्या आतले, आणि हा विकार वाढतो तो उतारवयात. 'घड्याळ गप्प आहे, म्हणजे हृदय ठणठणीत' असं मानून बसलेल्या माणसाला पक्षाघात गाठू शकतो.

तेव्हा पेपर वाचताना टक्केवारीच्या आधी छेद शोधा. आणि ज्यांची तपासणीच झाली नाही, तेही मोजा.