बांधलेले हात आणि नसलेला रकाना

आमच्या लहानपणी कुणी वेडंवाकडं बोललं की लोक म्हणत, “याला ठाण्याला न्या.” आज आपण वागळे इस्टेटीत जमलो आहोत. ज्या मनोरुग्णालयावरून ही थट्टा निघाली, ते १९०१ सालापासून आपल्या शेजारीच आहे. तेव्हा आज थट्टा बाजूला ठेवू आणि विचारू : रुग्णाला बांधायचं केव्हा, आणि बांधलं कुणाला जातं?

‘केव्हा’ याचं उत्तर कायद्यात आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली. साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळताच आलं नाही. २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर सरसकट बंदी घातली. कलम ९७ म्हणतं : रुग्णाला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल, तरच बांधावं. शिक्षा म्हणून नाही, केवळ माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. पद्धत, कारण, कालावधी लगेच नोंदवावा. कलम चांगलं आहे, यात वाद नाही.

आमची तक्रार ‘धोका’ या शब्दापाशी सुरू होते. धोका काही ताप नव्हे, की थर्मामीटर लावून मोजला. तो कुणाच्या तरी नजरेला दिसतो, आणि नजर समाजातूनच येते.

आम्ही हे पाहिलं आहे. आमच्या घरातलं एक माणूस एका रुग्णालयात दाखल होतं. रात्री ते ओरडू लागलं, तर आम्हाला सांगण्यात आलं, “सर, जवळ बसा, शांत होतील.” पलीकडच्या खाटेवरचा मजूर तेवढंच ओरडत होता, तेलुगूत. त्याच्यापाशी कुणी नव्हतं. त्याचे हात खाटेला बांधले गेले. आणि आम्ही? आम्ही गप्प बसलो. वॉर्ड शांत झाला याचं बरंही वाटलं. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट त्या रात्री उपयोगी पडली नाही.

लंडनमध्ये २०१० साली ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मनोरुग्णालयात अकरा पोलिसांनी दाबून धरल्यानंतर मरण पावला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून २०१८ चा कायदा झाला. आता तिथे बळ वापरलं की रुग्णाचा वंशही नोंदवावा लागतो. त्याने विषमता संपली नाही. पण ती नाकारता येत नाही.

आमच्या कायद्याचं कलम १८ जात, वर्ग, धर्म, संस्कृती यांवरून भेदभाव नको म्हणतं. पण बांधल्याची नोंद कशी ठेवावी हे सांगणाऱ्या कलम ९७ मध्ये यांपैकी एकही रकाना नाही. एका कलमाने वचन दिलं, दुसऱ्याने ते तपासायची सोय ठेवली नाही.

कुणी म्हणेल, “सर, वॉर्डात जात विचारायची? आधीच एक शिक्का आहे, त्यावर दुसरा?” आक्षेप रास्त आहे. जात विचारली की वागणूक बदलते, हे आपल्याला काय कुणी शिकवायला हवं? म्हणून निदान दोन साध्या गोष्टींपासून सुरुवात करू : रुग्णाची भाषा समजणारं कुणी हजर होतं का? जवळचं माणूस सोबत होतं का? बांधल्याच्या प्रकरणांचा अहवाल दरमहा मंडळाकडे जायचाच असतो. त्यात या दोन ओळी, नावाशिवाय, जड नाहीत. जातीचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो पुढे उभाच राहतो. पण त्या मजुराला कशामुळे बांधलं, आजारामुळे की एकटेपणामुळे, एवढं तरी कागदाला विचारता येईल.

त्या रात्री ते आम्ही विचारायला हवं होतं.