तात्पर्याचे राजकारण : ‘मित्रभेद’ आणि ‘ॲनिमल फार्म’

प्राणिकथेच्या शेवटी ‘तात्पर्य’ असायचेच, ही धारणा मराठी वाचकाच्या मनात शाळेपासून रुजलेली असते. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्या ‘इसापनीतिकथा’ (१८२८) ह्या भाषांतरापासून प्राणिकथा मुख्यतः बालबोधाच्या प्रांतात गेली. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’चे (१९४५) वाचनही फारसे वेगळे होत नाही. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, अशी जुळणी झाली की संहिता संपली असे मानले जाते. तात्पर्य काढणे आणि रूपक सोडवणे ह्या दोन्ही वाचनपद्धती कथेचा अर्थ बंद करतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, अर्थ बंद करण्याची ही सत्ता हाच राजकीय प्राणिकथेचा गाभ्याचा विषय आहे.

‘पंचतंत्रा’तील पहिले तंत्र ‘मित्रभेद’ ह्या दृष्टीने पाहावे. यमुनेवर पाणी प्यायला निघालेला पिंगलक सिंह संजीवक बैलाचे डुरकणे ऐकून थबकतो आणि भीती लपवण्यासाठी परिवार भोवती घेऊन बसतो. अधिकारावरून दूर झालेला दमनक कोल्हा ही बैठक नेमकी वाचतो. राजाचे भय ठाऊक होणे हे त्याचे पहिले भांडवल होय. तो बैलाला दरबारात आणतो. पण सिंह आणि बैल ह्यांचे सख्य जमल्यावर स्वतःच बाजूला पडतो, आणि मग भेदाला लागतो. सिंहाला तो सांगतो की बैल द्रोही आहे. शिंगे रोखून, इकडेतिकडे पाहत आला तर खूण पटेल. बैलाला सांगतो की सिंह तुझ्या जिवावर उठला आहे. कान टवकारून, शेपूट उभारून बसला असेल तर ओळख. पाठभेदांनुसार खुणांचा तपशील बदलतो, रचना बदलत नाही. दोघे समोर येतात तेव्हा खुणा खरोखरच दिसतात, कारण त्या भयाच्या खुणा आहेत. त्यांचा अर्थ ‘वैर’ असा दमनकाने आधीच ठरवून दिलेला असतो. दमनकाचे आरोप खोटेच आहेत. पण ते टिकतात ह्या संकेतामुळे. प्रचार वाचनाचा संकेत पुरवतो, आणि मग वस्तुस्थितीच त्याचा पुरावा होऊन बसते.

ह्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट संजीवकाच्या तोंडी आहे. भुकेल्या मदोत्कट सिंहापुढे कावळा, कोल्हा आणि चित्ता एकामागून एक स्वतःचा देह देऊ करतात. सिंह तो नाकारतो. अभय मिळालेला क्रथनक उंटही निष्ठेच्या ह्या रीतीला धरून स्वतःला अर्पण करतो, आणि त्याचाच फडशा पडतो. संमती कशी घडवली जाते, ह्याचे इतके काटेकोर चित्र क्वचितच सापडेल. परंतु ही कथा सांगणारा संजीवक त्या क्षणी दमनकाच्या जाळ्यात पूर्ण अडकलेला आहे. दुष्ट परिवाराचे कपट त्याला समजते. ते सांगणारा समोर बसला आहे, हे मात्र समजत नाही. केवळ तात्पर्य ठाऊक असल्याने कोणी वाचत नाही, हे संहितेने येथे कृतीतून दाखवले आहे.

‘ॲनिमल फार्म’मध्ये प्रचाराची दिशा उलटते. दमनक राजाच्या कानाशी लागतो, स्क्वीलर प्रजेपुढे बोलतो. त्यामुळे त्याला प्रजेची स्मृतीही ताब्यात घ्यावी लागते. कोठाराच्या भिंतीवरील सात आज्ञांत रात्री फेरफार होतात आणि अखेर एकच आज्ञा उरते. पण अर्थाचा संकोच तेथे सुरू होत नाही. ज्यांना सात आज्ञा पाठ होत नाहीत त्यांच्यासाठी पाय मोजणाऱ्या एका घोषणेत त्यांचे सार स्नोबॉलनेच काढलेले असते, तेही सद्हेतूने. पुढे मेंढ्या त्याच घोषणेत विरोधाचा आवाज बुडवतात. सत्तेला आयते हाती लागते ते हे तात्पर्य. बॉक्सर घोडा क्रथनकाचाच सगोत्र आहे. मात्र त्याला नेणाऱ्या गाडीवरील अक्षरे वाचू शकणारा बेंजामिन गाढव बोलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ह्यावर आक्षेप संभवतो की ‘पंचतंत्र’ हे राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी विष्णुशर्म्याने सांगितलेले शास्त्र आहे. त्यात सत्तेची चिकित्सा शोधणे हा आधुनिक आरोप होय. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. करटक दमनकाची निर्भर्त्सना करतो, तरी शेवटी संजीवक मरतो, पिंगलक शोक करतो, दमनक त्याचे सांत्वन करून मंत्रिपदी राहतो. संहिता त्याला शिक्षा देत नाही. आठव्या शतकात अरबी ‘कलीला व दिम्ना’ सिद्ध करणाऱ्या इब्न अल्-मुकफ्फाने दिम्नाच्या चौकशीचे प्रकरण जोडले, असे अभ्यासक मानतात. त्या जोडकामातूनच मूळ शेवटाची दाहकता कळते. निवाडा नाही, म्हणूनच तो वाचकावर येऊन पडतो.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. गारखेड्याहून तास-दीड तासाच्या वाटेवर पैठण आहे. तेथील सातवाहन राजाने गुणाढ्याची पैशाची भाषेतील ‘बृहत्कथा’ अव्हेरली, तेव्हा त्याने ती रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवली आणि वाचलेले पान अग्नीत टाकले, असे ‘कथासरित्सागर’ सांगते. प्राणी चारापाणी विसरून ऐकत राहिले. त्यांचे मांस शुष्क झाले, राजा आजारी पडला, आणि तेव्हाच त्याला कथेची दखल घ्यावी लागली. सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्ष उरले. त्या श्रोत्यांनी तात्पर्य विचारले नव्हते. आपल्या वर्गांत प्राणिकथा शिकवताना शेवटची ओळ आधी लिहून देणारा अध्यापक नकळत दमनकाचे काम करीत असतो. विद्यार्थ्याला खुणा पाहू द्याव्यात, आणि त्यांचा अर्थ कोणी ठरवून दिला हे विचारू द्यावे.