श्रद्धा, समता आणि करसवलत

धार्मिक विद्यापीठास श्रद्धेच्या नावाने भेदभाव करता येईल काय? या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यात दिलेला निकाल आमच्या वाचकांनी अभ्यासण्याजोगा आहे. दक्षिण कॅरोलिनातील या ख्रिस्ती विद्यापीठात १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पुढे तो मिळाला. परंतु बायबलचा आधार सांगून आंतरवंशीय विवाहास व प्रेमसंबंधास बंदी राहिली. सरकारने करसवलत काढून घेतली व न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती कृती वैध ठरविली.

श्रद्धा प्रामाणिक असल्याचे मान्य करूनही शिक्षणातील वंशभेद नष्ट करण्याचे राष्ट्रहित न्यायालयाने श्रेष्ठ मानले. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हणजे तिच्यासाठी सार्वजनिक साहाय्याचा हक्क नव्हे.

तथापि निकाल विवाहबंदीस वंशभेदाचा एक प्रकार म्हणून थांबतो. बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सजातीय विवाह हे जातिसंस्थेचे मूळ असल्याचे दाखविले होते. मूळ शाबूत राहिले की भेद पुन्हा फुटतो. करसवलत गेल्यावरही ती बंदी २००० सालापर्यंत टिकली, हे ध्यानात घ्यावे.

श्रद्धा सत्य की असत्य, हे न्यायालय तपासू शकत नाही. वासेट्ठसुत्तात तथागतांनी मनुष्यांतील जन्मजात भेदाची कल्पनाच तपासून नाकारली. कायद्याची मर्यादा जेथे संपते, तेथे धम्माचे कार्य सुरू होते, असे आमचे मत आहे.