भाई नट होतो तेव्हा

'वेलकम' पाहिला नाही असा पोरगा आपल्या वस्त्यांत शोधून सापडणार नाही. २१ डिसेंबर २००७ ला हा पिक्चर लागला तेव्हा मी शेंबडा होतो. तेव्हापासून टीव्हीवर तो इतक्यांदा लागलाय, की आमच्या मिलमधली पोरं जेवणाच्या सुट्टीत त्यातले डायलॉग घडाघडा म्हणतात. नाना पाटेकरचा उदय शेट्टी रागानं थरथरतो अन् स्वतःच स्वतःला आवरतो, त्याची नक्कल तर खात्यातला म्हातारा फिटरसुद्धा करतो. मीही हसतो. हसायला पैसे पडत नाहीत. पण मित्रांनो, आपण चळवळीतली माणसं. आपण कशावर हसलो हे आपण विचारायला पाहिजे. बड्या पेपरातले समीक्षक असल्या पिक्चरला टाइमपास म्हणून सोडून देतात. सोडून द्यायला त्यांना परवडतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक अनीस बझमी. डॉक्टर घुंगरू (परेश रावल) याला भाचा राजीवसाठी (अक्षयकुमार) मुलगी पाहिजे, ती 'शरीफ खानदान'मधली पाहिजे. तिकडं दुबईत उदय शेट्टी अन् मजनू (अनिल कपूर) हे दोन भाई. त्यांच्याकडं बंगला, गाड्या, माणसं, बंदुका, सगळं आहे. फक्त बहिणीला चांगलं घर मिळत नाही. पोरगा-पोरगी प्रेमात पडतात, मामा अडून बसतो. मग भाईंना सुधारायचं ठरतं. कसं सुधारायचं? उदयला नट व्हायची जुनी हौस, मजनूला चित्रं काढायची. ती हौस जागवायची. भाई शूटिंगला जातो. मजनू घोड्यावर गाढव चढवलेलं चित्र रंगवतो. कलेच्या नादी लागले की गुंड माणसात येतील, असा हिशोब.

आता जरा थांबून बघा. या पिक्चरमध्ये भाईचा गुन्हा काय? खून? खंडणी? त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. भाईचा गुन्हा एकच, त्याला खानदान नाही. सगळा विनोद बेटीव्यवहारावर चाललाय. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात कशावर उभी आहे, तर आपल्यातल्या आपल्यात लग्न करण्यावर, हे त्यांनी तिथं उलगडून दाखवलं. 'वेलकम'वाल्यांनी तो निबंध वाचला असेल असं वाटत नाही. पण अडीच तास ते त्याच भिंतीशी खेळतात. फक्त जातीचं नाव घेत नाहीत. जातीच्या जागी 'खानदान' म्हणतात, मग सगळ्यांना मोकळं हसता येतं.

आपला जुना तमाशाही या भिंतीशी खेळलाय. 'गाढवाचं लग्न' घ्या. दादू इंदुरीकरांनी तो वग गाजवला. सावळ्या कुंभाराचं गाढव राजाची पोरगी मागतं. सावळ्या राजाची अन् दरबाराची अशी फिरकी घेतो, की तंबूतला शेवटचा माणूस उभा राहून टाळ्या पिटतो. तिथं हसू खालून वर जातं. तरी शेवटी गाढव कोण निघतं? शापित गंधर्व. म्हणजे लग्नाला हरकत नाही, खानदान जुळलं. लोकांचा वगसुद्धा त्या उंबऱ्यापाशी अडखळला. म्हणून भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसेकारांनी तमाशाची गण-गवळण बाजूला ठेवली अन् तोच बाज घेऊन नवी हत्यारं घडवली. विनोद त्यांनी टाकला नाही, त्याचं तोंड फिरवलं.

'वेलकम'मध्ये हसू कुणाकडं जातं? सेटवर भाईच्या अभिनयाची लायकी सगळ्यांना दिसते. तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही. यावर आपण हसतो, अन् हसता हसता भाई आपल्याला लाडका होतो. भीती विरघळते. नानाचं कसब मी नाकारत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचा हा माणूस, एका डोळ्यानं धमकावतो अन् दुसऱ्यानं रडवतो. पण त्या कसबानं कोणाचं काम केलं? डाग धुवायचं.

आणि हा डाग काल्पनिक नाही. दुबई म्हटलं की मुंबईच्या माणसाला काय आठवतं ते सांगायला नको. १२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमार यांना अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घातल्या. जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला, ते वाचले. 'चोरी चोरी चुपके चुपके' या पिक्चरच्या पैशावरून डिसेंबर २००० मध्ये निर्माता नाझिम रिझवी अन् जानेवारी २००१ मध्ये फायनान्सर भरत शहा यांना अटक झाली. पुढं कोर्टात शहांवरचा टोळीशी संगनमताचा मोठा आरोप टिकला नाही, माहिती दडवल्याबद्दल शिक्षा झाली. १९९८ पर्यंत सरकार सिनेमाला उद्योगच मानत नव्हतं. बँक दारात उभं करत नव्हती, मग पैसा जिथून यायचा तिथून यायचा. या सगळ्या भानगडीला सहा-सात वर्षं होतात न होतात तोच 'वेलकम' आला अन् भाई-सिनेमा हे नातं हसण्यावारी गेलं. भाई पैसे लावत नाही, गोळी घालत नाही. भाई बिचारा नट होऊ बघतोय!

भाईच्या मागं काळ्या कपड्यांत उभी असलेली पोरं बघा. त्यांना नाव नाही, बहीण नाही, हौस नाही. ती कुठून येतात? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चिमण्या थंडावल्यावर चाळीतली काही पोरं कुठं गेली ते जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये मांडलं. त्यावरून २०१० साली 'लालबाग परळ' पिक्चर आला. तो बघताना आमच्या खात्यात कुणी हसलं नाही. त्यातला पोरगा ओळखीचा होता.

आमच्या भागात सिनेमा लांबचा राहिलेला नाही. मी कडावचा, कामाला खोपोलीला. चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चा किल्ला तिथंच उभा राहिला. माझ्या ओळखीची पोरं तिथं रोजावर गेलीत. कुणी सुतार, कुणी रंगारी, कुणी भाला धरून गर्दीत उभा. राजाचा महाल त्यांनी उभा केला, पडद्यावर ती धूसर दिसतात. भाईला नट व्हायचं तर अख्खं युनिट कामाला लागतं. भालावाल्याची हौस कोण जागवणार?

आता मुद्द्याची गोष्ट. भाईच्या अंगावर डाग आहे तो त्याच्या करणीचा. तो धुतला जातो. पैसा असला, थोडी कला दाखवली, की लोक हसून माफ करतात. २०१५ च्या 'वेलकम बॅक'मध्ये तर हेच दोघं धंदेवाले साहेब होऊन बसलेत. आपण काही केलेलं नाही, आपल्याला डाग जन्माबरोबर चिकटवला. तो डिग्रीनं धुतला जात नाही, कवितेनं नाही, पगारानं नाही. मी खोली भाड्यानं बघायला गेलो तेव्हा मालकानं पगार नंतर विचारला, आडनाव आधी. शरीफ खानदान पाहिजे होतं त्याला.

२८ एप्रिल २०१४ ला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढ्यावरून. साक्षीदार फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टातून सगळे आरोपी सुटले. त्याच २०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा 'फँड्री' लागला होता. त्यातला जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो आपल्याच कपाळावर येतो. 'वेलकम'मध्ये शेवटी कड्याच्या टोकावर घर लोंबकळतं अन् आतली सगळी माणसं वाचतात. ज्यांना खानदान मिळणार असतं त्यांच्यासाठी घर कड्यावर तग धरतं. नितीनसाठी गावातली शाळासुद्धा तगली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'वेलकम' बघू नका असं मी सांगत नाही. वस्तीत, मंडळात, हॉस्टेलवर तो लावा अन् सगळे मिळून बघा. जिथं हसू येईल तिथं थांबवा अन् विचारा, भाईच्या बहिणीला घर मिळालं, हिरोच्या जागी नितीन असता तर? मग त्याच्याच खालोखाल 'फँड्री' लावा. आणि तुमच्यात जो नकला करतो ना, त्याला सांगा की उदय शेट्टीची नक्कल पुष्कळ झाली, आता डॉक्टर घुंगरूची कर. खानदान शोधणाऱ्या त्या मामाला भर चौकात उभं कर. आपल्या जलशांनी हेच केलं होतं. तो वग अजून कुणी लिहिलेला नाही. पुढच्या अंकासाठी पाठवा.

जय भीम.